पांढरे छप्पर : दुकान, गोदाम व गिरणी यांच्या वीजबचतीचा सोपा उपाय

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहाडी हे तालुक्याचे गाव आहे. तालुका धानाचा. बांधी, बोडी, तलाव आणि वैनगंगेचे पाणी यांवर येथील शेती उभी आहे. सुगी संपली, मळणी झाली, की धान शेतातून निघते आणि छपराखाली येते. काही शेतकऱ्याच्या घरी, काही गोदामात, काही भात गिरणीत. पुढे रोवणीच्या हंगामासाठी लागणारे बियाणेही मृगापूर्वी कित्येक दिवस कृषी केंद्राच्या दुकानात छपराखालीच पडून असते. शेतातील पिकाची काळजी घ्यावी हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु छपराखाली गेलेल्या मालाची काळजी घ्यावयाची ती छपरापासूनच सुरू होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

छप्पर पाऊस अडविते, म्हणून ते चांगले असे आपण समजतो. वास्तविक आपल्या भागात छपराला वर्षातून दोन शत्रूंशी सामना द्यावा लागतो. पावसाळ्यात पाण्याशी आणि उन्हाळ्यात उन्हाशी. पाण्याची गळती डोळ्यांना दिसते, ठिबकते, म्हणून तिचा बंदोबस्त तात्काळ केला जातो. उन्हाची गळती दिसत नाही. ती पंख्याच्या गरम वाऱ्यात, कूलरच्या वीजबिलात, बियाण्याच्या घटलेल्या उगवणीत आणि दुभत्या म्हशीच्या आटलेल्या दुधात दिसून येते. ही गळती थांबविण्याचा एक जुना व स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे छप्पर पांढरे करणे.

नवतप्याचा सूर्य आणि मोहाडीचे छप्पर

मोहाडीचे स्थान सुमारे 21.3 उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे वर्षातून दोन वेळा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पहिली वेळ मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, दुसरी जुलैच्या मध्याच्या सुमारास. जुलैत आकाश ढगाळलेले असते, म्हणून ती वेळ कोणास जाणवत नाही. मे अखेरचे दिवस मात्र रोहिणी नक्षत्राचे, ज्यांस आपल्याकडे नवतपा म्हणतात तेच होत. या दिवसांतील तापाचा आपल्या वाडवडिलांनी घेतलेला अनुभव आणि सूर्याच्या गतीचा हिशेब येथे तंतोतंत जुळतो.

सूर्य डोक्यावर असला म्हणजे भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. ते सारे छपरावर पडते. निरभ्र आकाशाखाली दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट इतक्या शक्तीचे ऊन असते. एक हजार वॅटची शेगडी एक तास चालली तर एक युनिट वीज लागते. या हिशेबाने 100 चौरस मीटर छपरावर दुपारच्या एका तासात सुमारे 100 युनिट विजेइतकी उष्णता पडते. असे ऊन रोज कित्येक तास आणि उन्हाळ्याचे किमान तीन महिने पडत असते.

ही सर्व उष्णता आत येते असे नव्हे. तिचा काही भाग छपरावरून परत फिरतो, काही भाग वाऱ्याने जातो, उरलेला छपरातून खाली उतरतो. किती परत फिरावी हे छपराच्या रंगावर ठरते. जुने, करडे पडलेले काँक्रीटचे छप्पर साधारणतः पंचवीस ते तीस टक्केच ऊन परतविते, बाकीचे पिऊन टाकते. काळे डांबरी छप्पर तर जवळजवळ सगळेच पिते. ताज्या चुन्याने पांढरे केलेले छप्पर सत्तर टक्के वा त्याहून अधिक ऊन आल्या वाटेने परत पाठविते. म्हणजे वर सांगितलेल्या 100 युनिटांपैकी करडे छप्पर सुमारे 70 युनिट घेते, तर पांढरे छप्पर केवळ 30. काळपट छपराचा पृष्ठभाग उन्हाळी दुपारी 65 अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतो. त्याच वेळी पांढऱ्या छपराचा पृष्ठभाग त्याहून 20 अंशांहूनही अधिक थंड राहू शकतो. अनवाणी पायाने काळ्या डांबरी रस्त्यावर आणि चुना दिलेल्या ओट्यावर उभे राहून पाहिलेल्या माणसास याचा पुरावा देण्याची आवश्यकता नाही.

चकचकीत पत्र्याचा भ्रम

येथे अनेकजण विचारतात की, नवा जस्ती पत्रा तर आरशासारखा चमकतो, तो ऊन परतवीत असेलच, मग त्याखाली भट्टी का पेटते?

याचे कारण असे. छपराच्या अंगी दोन गुण हवेत. पहिला, ऊन परतविण्याचा आणि दुसरा, घेतलेली उष्णता पुन्हा आकाशाकडे सोडून देण्याचा. चकचकीत धातूत पहिला गुण बऱ्यापैकी असतो, दुसरा फारच थोडा असतो. घासून लख्ख केलेल्या पितळी तांब्यात गरम पाणी ठेवले तर ते काजळी धरलेल्या तांब्यातील पाण्यापेक्षा अधिक वेळ गरम राहते, हे घरच्या गृहिणीस ठाऊक असते. तीच गोष्ट पत्र्याची. तो ऊन थोडे घेतो, पण घेतलेले सोडण्यास कृपण असतो, म्हणून तापत जातो. पुढे पत्रा गंजला, धूळ बसली, म्हणजे पहिला गुणही जातो. पांढऱ्या चुन्यात व पांढऱ्या रंगात मात्र हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. ते ऊन परतवितात आणि जी थोडी उष्णता घेतात तीही लवकर सोडून देतात.

मोजून पाहिलेले अनुभव

हा उपाय केवळ तर्काचा नाही. हैदराबाद परिसरातील व्यापारी इमारतींच्या छपरांवर अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या व भारतातील संशोधकांनी मोजमापे घेतली आणि त्यांचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. ज्या इमारतींची छपरे पूर्वी काळी होती, ती पांढरी केल्यावर छपराच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला 20 ते 22 युनिट विजेची बचत दिसली. थंडाव्यासाठी लागणाऱ्या विजेत ही घट 14 ते 26 टक्के होती. जेथे साधे, न रंगविलेले काँक्रीट होते, तेथे बचत 13 ते 14 युनिट म्हणजे 10 ते 19 टक्के आढळली.

हे आकडे वातानुकूलित इमारतींचे आहेत, हे विसरता कामा नये. मोहाडीतील एखाद्या दुकानाचे छप्पर 6 मीटर रुंद व 10 मीटर लांब, म्हणजे 60 चौरस मीटर असेल, तर वरील मापाने 780 ते 840 युनिटांचा हिशेब निघेल. परंतु ज्या दुकानात केवळ पंखा वा कूलर चालतो, त्याने हा आकडा जसाच्या तसा आपल्या वहीत मांडू नये. त्याचा लाभ विजेत थोडा आणि माणसाच्या व मालाच्या सुखरूपतेत अधिक दिसेल. ज्या ठिकाणी वातानुकूलन यंत्र, दूध थंड करण्याची टाकी किंवा मोठे शीतकपाट चालते, तेथे मात्र वीजबचत मीटरवरच दिसून येईल.

गुजरातेत अहमदाबाद महानगरपालिकेने 2013 साली उष्णता कृती आराखडा अमलात आणला आणि 2017 पासून गरीब वस्त्यांतील घरांच्या छपरांना चुना देण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने 2023 साली शीतल छपरांसाठी पाच वर्षांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2007 साली तयार केलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही व्यापारी इमारतींच्या सपाट छपरांनी आरंभी किमान 70 टक्के ऊन परतवावे असा दंडक घालून दिला होता. संहिता मोठ्या वीजभाराच्या इमारतींसाठी असते. आपल्या बाजारपेठेतील छोट्या दुकानास ती लागू होत नाही. तथापि मोठ्या शहरातील इमारतीवर आणि मोहाडीच्या दुकानावर पडणारे ऊन एकच आहे.

बियाण्याचे आयुष्य

शेतकऱ्याच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत मोलाची बाब विजेची नसून बियाण्याची आहे. बियाणे हा निर्जीव माल नव्हे. प्रत्येक दाण्यात जीव असतो, तो श्वास घेत असतो, आणि उष्णता व ओल वाढली की त्याचे आयुष्य झपाट्याने खर्ची पडते. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक सोपा नियम प्रसिद्ध आहे. साठवणीच्या जागेचे तापमान 5 अंशांनी कमी केले की बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. त्याचप्रमाणे बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला तरीही ते दुप्पट होते. या हिशेबाने गोदामाचे दिवसरात्रीचे सरासरी तापमान केवळ 3 अंशांनी उतरले तरी बियाण्याचे आयुष्य सुमारे दीडपट होते.

धानाच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 80 टक्के असावी लागते व साध्या पोत्यातील बियाण्याचा ओलावा 13 टक्क्यांहून अधिक असू नये. समजा, पत्र्याच्या तापलेल्या खोलीत मे महिना काढून हे बियाणे 60 टक्क्यांवर आले. मग जेथे 30 किलो बियाणे पुरले असते तेथे 40 किलो लागेल. जास्तीच्या दहा किलोंची किंमत हा तोटा लहान. खरा तोटा पुढे आहे. पऱ्हे विरळ निघतात, शेतकरी पुन्हा बियाणे शोधत फिरतो, दुसऱ्यांदा पऱ्हे टाकतो, तोवर पहिला चांगला पाऊस निघून जातो आणि रोवणी मागे पडते. दोष मात्र कधी बियाण्याच्या कंपनीस, कधी दुकानदारास, कधी पावसास दिला जातो. वरच्या पत्र्यास कोणी दोष देत नाही.

कृषी केंद्रात ठेवलेली जिवाणू खतेही अशीच सजीव असतात. त्यांच्या पाकिटातील उपयुक्त जिवाणू कडक उष्णतेत मरतात. मग शेतकरी बियाण्यास जिवाणू लावतो ते केवळ नावाला. कीडनाशकेही थंड व कोरड्या जागी ठेवावयाची असतात. यास्तव कृषी केंद्राचे छप्पर हा केवळ दुकानदाराचा खाजगी प्रश्न नसून त्या केंद्रावर अवलंबून असलेल्या सर्व गावांचा प्रश्न आहे.

गोठा, खुराडे आणि कामकरी

म्हशीचे अंग काळे व घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला गाईपेक्षा ऊन अधिक बाधते. कोंबडीस तर घामाच्या ग्रंथीच नसतात. ती चोच उघडून धापा टाकत अंगातील उष्णता बाहेर टाकते आणि शेडमधील हवा तापून गेली की तिचा हा उपाय थिटा पडतो. व्यापारी कुक्कुटपालन करणाऱ्यांचे एका दुपारचे नुकसान हे साऱ्या वर्षाच्या चुन्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक असते.

माणसाचाही विचार व्हावा. गिरणीतील हमाल, गोदामातील मापारी, आंधळगाव-मोहाडीकडे कोसा विणणारा कारागीर, हे सर्व दिवसभर छपराखाली अंगमेहनत करतात. पंखा हवा थंड करीत नाही. तो हवा हलवितो, आणि छपराखाली साचलेली गरम हवा खाली ढकलतो. छप्परच कमी तापले तर तोच पंखा सुखाचा वाटतो आणि कूलर मंद गतीवर भागतो.

कोणत्या छपरास काय करावे

सर्व छपरांना एकच औषध चालत नाही.

काँक्रीटचे सपाट छप्पर : येथे चुना उत्तम बसतो व तोच सर्वांत स्वस्त पडतो. नवे बांधकाम असेल तर गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या फरशांचे तुकडे बसविणे हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. खर्च एकदाच होतो व धुतले की पुन्हा पांढरे निघते.

जस्ती वा लोखंडी पत्रा : यावर साधा चुना नीट धरत नाही, पोपडे निघतात, आणि ओला चुना जस्ताच्या थरास अपायही करतो. म्हणून पत्र्यासाठी छपराचा तयार पांढरा रंग घ्यावा. गंज घासून काढावा, धातूस चालणारा अस्तराचा हात द्यावा, मग पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. खर्च चुन्याहून पुष्कळ अधिक, पण एका हंगामापेक्षा अधिक टिकतो आणि पत्र्यास गंजापासूनही वाचवितो.

सिमेंटचा पत्रा : जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते कोरडे घासल्यास उडून फुप्फुसात जातात व गंभीर आजार जडतो. असा पत्रा कधीही कोरडा घासू वा तासू नये. पाण्याने ओला करून मऊ फडक्याने पुसावा. हा पत्रा ठिसूळ असतो. त्यावर पाय देऊन माणूस खाली कोसळण्याचा धोका मोठा आहे. आडव्या वाशांवर फळी टाकून, तिच्यावरूनच काम करावे.

कवेलूचे छप्पर : कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून ते मुळातच पत्र्यापेक्षा सुखद असते. येथे वेळेवर शाकारणी करणे हेच पहिले काम. कवेलू पाडून पत्रा घालण्यापूर्वी मालकाने दोनदा विचार करावा.

पत्र्यावर तणीस पसरण्याची रीत काही ठिकाणी आहे. गोठ्यापुरती ती ठीक, पण आगीचा धोका ध्यानात घेता भात गिरणी, दुकान व विजेच्या तारा असलेल्या शेडवर ती कटाक्षाने टाळावी.

चुना तयार करण्याची रीत

कळीचा चुना घ्यावा. दर किलोस सुमारे 5 लिटर पाणी धरावे. मोठ्या लोखंडी वा मातीच्या भांड्यात आधी पाणी घ्यावे व त्यात चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये, कारण तो उसळून उकळतो व अंगावर उडतो. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, चुना त्यास खातो. चुना चोवीस तास विरू द्यावा. नंतर जाड्याभरड्या स्वच्छ कापडातून गाळून घ्यावा. दर 10 लिटर चुन्याच्या निवळीस नव्हे, तर घोटलेल्या दाट पांढऱ्या द्रवास, 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळावा. यामुळे चुना हाताला लागत नाही व अधिक काळ टिकतो.

भिंतीच्या चुन्यात नीळ घालण्याची आपली सवय आहे. छपराच्या चुन्यात ती घालू नये. निळसर झाक डोळ्यास बरी वाटते, परंतु ऊन परतविण्याचा गुण तेवढा कमी होतो. छपरास शोभेपेक्षा शुभ्रता हवी.

छपरावरील धूळ, पाला व शेवाळ काढावे, भेगा सिमेंटने बुजवाव्यात आणि पृष्ठभाग किंचित ओला करावा. काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावे. भर उन्हात चुना झटकन वाळतो व भुकटी होऊन सुटतो. त्यास हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा खडूसारखा कठीण होण्यास ओल व अवधी लागतो. एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा, नव्या कामास तीन हात द्यावेत. किती माल लागेल याचा अंदाज हवा असल्यास प्रथम एक चौरस मीटर रंगवून लागलेला चुना मोजावा व छपराच्या क्षेत्रफळाने गुणावे.

काम करताना डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत. डोळ्यात चुना गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवून तात्काळ दवाखाना गाठावा. शिडी विजेच्या तारांपासून दूर लावावी. लहान मुलांना विरणाऱ्या चुन्याजवळ फिरकू देऊ नये.

या सर्व कामास योग्य काळ माघ-फाल्गुनाचा, म्हणजे ऊन तापण्यापूर्वीचा. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, ही तक्रार खरी आहे. परंतु उपाय हवा असतो तो मार्च ते जूनमध्ये, आणि तेवढे दिवस चुना काम देतो. आपण बांधीची धुरे दरवर्षी दुरुस्त करतो, कवेलू दरवर्षी फेरतो. त्याच यादीत छपराच्या चुन्याची भर घालावी. पहिल्या पावसाचे चुनकट पाणी मात्र पिण्याच्या टाकीत, विहिरीत किंवा मासळीच्या बोडीत जाऊ देऊ नये.

भात गिरणीच्या मालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. गिरणीच्या परिसरात कोंड्याची धूळ व भट्टीची राख उडते आणि छपरावर बसते. राख बसलेले पांढरे छप्पर हे करड्या छपरासारखेच वागते. म्हणून एप्रिल व मेमध्ये छप्पर अधूनमधून झाडावे किंवा धुवावे.

गावात प्रात्यक्षिक कसे करावे

सांगण्यापेक्षा दाखविणे अधिक परिणामकारक असते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील सर्वांच्या येण्याजाण्याची एक जागा निवडावी. सेवा सहकारी संस्थेचे गोदाम, ग्रामपंचायतीची खोली किंवा कृषी केंद्र यांपैकी कोणतीही चालेल. शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्या खोल्या मिळाल्यास उत्तम. एकीचे छप्पर पांढरे करावे, दुसरीचे तसेच ठेवावे.

दोन्ही खोल्यांत माणसाच्या उंचीवर, ऊन व वारा थेट लागणार नाही अशा जागी एकसारखे तापमापक टांगावेत. आरंभी दोन्ही तापमापक एकाच जागी ठेवून त्यांचे आकडे जुळतात की नाही हे पाहून घ्यावे. मग पंधरा दिवस सकाळी 7, दुपारी 2 व सायंकाळी 6 वाजता नोंद करून ती भिंतीवरील फळ्यावर लिहावी. लोकांनी स्वतः येऊन वाचावी. सामान्यतः आतील हवेत दुपारी 2 ते 5 अंशांचा फरक पडल्याचे अनुभव आहेत. छताची उंची, भिंती व वायुवीजन यांप्रमाणे तो कमीअधिक होईल. जो आकडा येईल तोच लिहावा. फरक कमी आला तर तसेच सांगावे. एकदा फुगवून सांगितलेला आकडा पुढील दहा खऱ्या गोष्टींवरील विश्वास घालवितो.

दुसरी नोंद बियाण्याची. एकाच पोत्यातील धानाचे बियाणे दोन सारख्या पिशव्यांत भरून दोन्ही खोल्यांत ठेवावे. आरंभी व मृगापूर्वी उगवणशक्ती तपासावी. ओल्या गोणपाटावर शंभर शंभर दाण्यांच्या चार ओळी मांडून, गुंडाळून, ओल कायम ठेवून उगवलेले दाणे मोजावेत. ही परीक्षा शाळकरी मुलेही करू शकतात.

तिसरी नोंद विजेच्या मीटरची. दुकानदाराने गेल्या वर्षीच्या व यंदाच्या एप्रिल-मे महिन्यांच्या बिलांतील युनिट शेजारी शेजारी लिहावेत. रुपये नव्हे, युनिट लिहावेत, कारण दर बदलतात. मध्यंतरी नवे यंत्र घेतले असल्यास तेही नमूद करावे.

मर्यादा

पांढरे छप्पर हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. दुमजली इमारतीत त्याचा लाभ वरच्या मजल्यासच होतो. पश्चिमेच्या भिंतीवरील व खिडकीतून येणारे ऊन ते अडवीत नाही. तेथे झाड, पडवी किंवा तट्टा हवा. आढ्याजवळ गरम हवा निघून जाण्यास झरोका हवाच. शेजारच्या उंच घरात चकाकीचा त्रास होत असेल तर आधी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे. हिवाळ्यात खोली अधिक गार पडेल अशी शंका काहीजण काढतात. आपल्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंशांवर असतो, त्यामुळे छपरावरील ऊन मुळातच कमी असते आणि तोवर पावसाने चुनाही बराच धुऊन गेलेला असतो. सबब ही अडचण आपल्या भागात नाममात्र आहे.

समारोप

मे महिन्याच्या दुपारी उन्हाळी धानावरील पंप, दुकानांचे कूलर, गिरण्यांची यंत्रे व दूध थंड करण्याच्या टाक्या यांस एकाच वेळी वीज हवी असते. अशा वेळी छपराने परतविलेले ऊन म्हणजे जणू वाचलेली वीजच होय. त्यासाठी यंत्र आणावे लागत नाही, परदेशी माल लागत नाही, की कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. चुना बाजारात आहे, कुंचला घरात आहे आणि ते काम करणारे हात गावात आहेत.

‘चुना लावणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत फसवणुकीच्या अर्थाने रूढ आहे. छपरास लावलेला चुना मात्र मालकास फसवीत नाही. तो उन्हास फसवितो. येत्या फाल्गुनात मोहाडी तालुक्यातील प्रत्येक गावाने निदान एक गोदाम, एक दुकान व एक गोठा यांवर हा प्रयोग करून पाहावा, नोंदी ठेवाव्यात आणि मृगाच्या आधी त्या चावडीवर वाचून दाखवाव्यात. पुढील वर्षी कोणास सांगावयास जाण्याची गरज उरणार नाही.